वात्तू अजून तळ्यातच

११ सप्टें. १९९७, गुरुवार
सुधाने (सून. पुढे नुसतं सु. लिहीन, बोटं दुखतात) आज परत मला कंप्यूटरसमोर बसवलं. पुढच्या खोलीतल्या तिच्या कंप्यूटर क्लासची मुलं जेवायला गेली की मशीन रिकामं. मासिकासोबत एक चकती येते, तीत खेळांच्या वानग्या. सु. डेमो म्हणते. मी म्हटलं, भाताचा व्यापारी मूठभर दाखवतो तसं ना. "तसंच अम्मा. मूठ आवडली तर पोतं घ्यायचं."
तीन पाहिले. एकात काचेच्या हौदात मासे, बाण नेला की जवळ येऊन तोंड उघडतात. एकात मांजर लोकरीचे गुंडे लोटतं, सारख्या रंगाचे चिकटले की गुरगुरतं. फार गोड. पण तिसऱ्याने मला पुरतं वेडं केलं. लहानसं घर, परसात झाडं, पुढे तळं, तळ्यात बदक. झाडांना पाणी घालायचं. संध्याकाळ झाली की दारात कंदील धरायचा, बदक डुलत आत येतं, पंखात चोच घालतं, कंदील मालवतो. बस. विचारलं, यात जिंकतं कोण? "कोणीच नाही." असा खेळ काढणाऱ्याच्या आईने त्याला चांगलं वाढवलंय.
हा महिनाभर चालेल, मग पैसे पाठवल्याशिवाय उघडायचा नाही.

१३ सप्टें., शनि.
अक्का तशीच. माझी सख्खी थोरली बहीण, पण परक्यासारखी भिंतीकडे तोंड करून बसते. दोन घास. भावोजी गेले, तिरुवैयारुचं सासरचं घर पुतण्यांनी घेतलं, म्हणून आणली. ट्रंक दोरीने बांधलेली, तशीच आहे. म्हणते, "दसरा झाला की जाते गंगे. तिथेच देवळाजवळ खोली बघितलीये." एकटी. या वयात. गुडघे असे. मी भांडून पाहिलं, रडून पाहिलं. रसम बरं झालं होतं, तेवढं म्हणाली.

१८ सप्टें., गुरु.
नातीने, मीनूने, बदकाचं नाव वात्तू ठेवलं. तमिळमध्ये बदकालाच वात्तू म्हणतात, म्हणजे नाव काय ठेवलं, काहीच नाही. मी मराठीत विचारते, ती तमिळमध्ये उत्तर देते, वात्तू दोघींचं ऐकतो.
आज मी कंदील धरला तर मागून आवाज आला, "त्याचे पाय ओले आहेत." वळून बघते तर अक्का. दाराला धरून उभी. खरंच, पायरीवर ओल्या पावलांचे ठसे उमटत होते. मी इतके दिवस पाहिलेच नव्हते. खुर्ची दिली. बसली.

२५ सप्टें., गुरु.
अक्का रोज तीन वाजता खुर्चीत. माऊसला हात लावत नाही, नुसती बघते. मी चुकीच्या झाडाला पाणी घातलं की "त्याला कालच घातलंस." आज जेवणात दुसऱ्यांदा भात घेतला. मी बघितलं नाही असं केलं.
सु. ने खेळातली चिठ्ठी वाचून दाखवली. कुठल्याशा थंड देशात नवरा-बायको घरीच हे करतात, चित्रं बायकोची. म्हणूनच. पिसं भिजल्यावर कशी काळी पडतात ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितल्याशिवाय काढता येत नाही. पैसे पाठवले तर पूर्ण खेळ टपालाने येतो, त्यात तळ्यापलीकडची वाटही उघडते. पण डॉलर. सु. म्हणाली बँकेत विचारते.

२ ऑक्टो., गुरु.
नवरात्रातला बाहुल्यांचा कोलू मांडला. पायऱ्यांवर पांढरं धोतर, वर देव, खाली मान हलवणारी बाहुली, वाण्याचं दुकान. अक्काला म्हटलं, तुझ्या बाहुल्या ट्रंकेत आहेत, काढ. मधली पायरी रिकामी ठेवलीये तुझ्यासाठी.
"जायच्या घरी मांडीन."
एका खोलीत कोलू कुठे मांडणार. पायरी रिकामीच ठेवली. हळदीकुंकवाला आलेल्या बायका विचारतात, इथे काय राहिलं?

५ ऑक्टो., रवि.
माझी कल्पना. एक कंप्यूटर आणून कोलूशेजारी ठेवला, वात्तू लावून. बायका सुंडल, हरभऱ्याची उसळ, खात उभ्याच. समोरची कामाक्षी मामी म्हणाली, "हे बदक अंडी देतं का?" मी म्हटलं, नाही. "मग ठेवलंय कशाला?" अक्का हसली. आवाज करून. सु. वाटी घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली बघायला.

९ ऑक्टो., गुरु.
संध्याकाळी वात्तू तळ्याच्या मध्यावर, मी कंदील उचलणार, तेवढ्यात करंट गेला. आला तेव्हा जेवणं उरकून निजायची तयारी. अक्का दोनदा म्हणाली, "ते बाहेरच राहिलं." मी म्हटलं, उद्या आणू आत.

१० ऑक्टो., शुक्र.
सरस्वतीपूजा. विसरलेच होते की आज कशालाच हात लावायचा नसतो. पुस्तकं, सु. ची कात्री, मीनूची पाटी, सगळे कंप्यूटर, सगळं पूजेत. पडद्यावर रेशमी खण, वर कुंकू. अक्काचा जीव त्या खणाखाली. तीन वाजता खुर्चीत येऊन बसली.
सु. ला विचारलं, महिना कधी संपतो गं? वडे तळत होती. "आजच बहुतेक." मी म्हटलं, आज मोजत नाहीत, पूजेतल्या वस्तूला दिवस लागत नाही. ती पण घाईत हो म्हणाली.

११ ऑक्टो., शनि., विजयादशमी
दिवस लागतो.
सकाळी पुनर्पूजा करून वस्तू मोकळ्या केल्या, सु. ने बटण दाबलं. तळं दिसलं, मधोमध वात्तू, आणि त्यावर आडवी पाटी: मुदत संपली. झाडं फिकट केलेली. मी बाण इकडेतिकडे केला, काही हलेना. अक्का म्हणाली, "त्याला आत तर घेऊ द्यायचं होतं." उठून भिंतीकडे जाऊन बसली. मग मला हाक मारून, "उद्या बस किती वाजता आहे?"
मी सु. कडे जाऊन रडले. हे तिला आवडत नाही. म्हणाली, "अम्मा, एक करता येतं. कंप्यूटरची तारीख मागे न्यायची. त्याला वाटेल अजून सप्टेंबर आहे. करू नये तसं." मी त्या थंड देशातल्या बाईला मनात हात जोडले, एकच संध्याकाळ घेते म्हटलं.
तारीख बदलली. तळं उजळलं. अक्काला हाताला धरून आणली. ती आकड्यांकडे बघत राहिली.
"किती मागे जातं हे?"
"पुष्कळ, अक्का. ऐंशी सालापर्यंत."
ऐंशी साली भावोजी होते. ओसरीवर मुलांना व्हायोलिन शिकवायचे, अक्का आतून चुकलेला सूर ओरडून सांगायची. सु. ला हे माहीत नाही, मला माहीत.
अक्का म्हणाली, "नको. एवढंच पुरे. वात्तू आत आला की पुढे आण."
आणि माऊस तिने धरला. पहिल्यांदा. सवय नाही, त्यामुळे कंदीलही हलत होता, खऱ्यासारखा. वात्तू आला. ओले पाय, पायरी, पंखात चोच. कंदील मालवला.
सु. ने तारीख पुढे आणली.
संध्याकाळी आरती करून कोलूतली एक बाहुली आडवी निजवायची असते. दर वर्षी मी निजवते. आज अक्काने निजवली. मग रिकाम्या पायरीवरून हात फिरवून म्हणाली, "माझ्या तर यंदा उभ्याच राहिल्या नाहीत."

१२ ऑक्टो., रवि.
कोलू आवरला. बाहुल्या जुन्या सुती साड्यांत गुंडाळून पेटीत. अक्का मदतीला होती, माझं गुंडाळणं तिला पसंत नाही, सगळ्या सोडून परत बांधल्या.
सु. उद्या बँकेत विचारणार. मी म्हटलं, त्या बाईला लिही, पिसं फार छान काढलीत. सु. म्हणाली लिहिते.
बस नऊची होती. अक्काने नाव काढलं नाही, मीही नाही. दुपारी परसात गेले तर कण्हेर ते विहीर नवी दोरी बांधलेली, तिच्यावर अक्काची साडी वाळत. दोरी नवी कुठली, ट्रंकेचीच. आत जाऊन पाहिलं. ट्रंकेला दोरी नाही, झाकण मात्र लागलेलं.
वारा आहे. साडी आज वाळेल. उद्या ती घडी करून कुठे ठेवते, ट्रंकेत की कपाटात, ते बघू.