इळकलची भाग्या

१८ सप्टेंबर, के. आर. पुरम, बेंगळुरू
पप्पा दुपारच्या गाडीनं परत गेले. पीजीच्या दारात उभं राहून एकच सांगत होते, वैशू, जेवत जा. ते वळणाआड जाईपर्यंत रडले नाही. नंतरचं लिहीत नाही.
संध्याकाळी दुसऱ्या खाटेवरची मुलगी आली. भाग्या. इळकलची, वडील मागावर साड्या विणतात. इंजिनिअरिंगला माझ्याच वर्गात. दहावीपर्यंत ती कन्नड मीडियम, मी मराठी. ओळख अशी झालीच नाही, तिनं डबा उघडून कडक भाकरी न्‌ शेंगाची चटणी पुढं केली. इथलं सांबार गोड. दोघींनाही गेलं नव्हतं.

५ ऑक्टोबर
वर्गात मॅडमचा प्रश्न पुरा व्हायच्या आत पुढचे बेंच उत्तर देतात. निम्मी मुलं कोडिंग शाळेतच शिकून आलीत. मी फळ्यावरचं उतरवून घेते, अर्थ कळायचा तेव्हा कळेल. भाग्या उतरवतही नाही, नुसती बघत बसते. मग खोलीत आल्यावर तेच गणित मला कन्नडात समजावते. माझं निपाणीचं कन्नड ऐकून हसते. पण कळतं मला! कॉलेजात जे तासभर कळलं नाही ते हिच्या दोन वाक्यांत.

१४ नोव्हेंबर
इंटर्नलचे मार्क. मॅथ्स पास, काठावर. पप्पांना 'पास' एवढंच सांगितलं.
भाग्या वर्गात पहिली. सरांनी तिला उभं केलं आणि इंग्रजीत काहीतरी विचारलं, कुठं शिकलीस वगैरे. ती उभीच. सर म्हणाले, लाजते वाटतं. सगळे टाळ्या वाजवत होते तेव्हा तिचा हात माझ्या मनगटावर होता. गार.

२१ नोव्हेंबर
फिजिक्स लॅब, तोंडी परीक्षा. स्प्रिंगचा प्रयोग. मॅडमनी भाग्याला इंग्रजीत विचारलं, हे रीडिंग का वाढलं? तिला येत होतं. कालच तिनं ते मला शिकवलेलं. तोंड उघडलं, शब्दच नाही. मॅडमनी परत विचारलं, अगदी सावकाश. मागून कोणतरी हसलं. मॅडम त्याच्यावर ओरडल्या, त्यानं अजूनच वाईट झालं, सगळी लॅब वळून बघायला लागली.
मी म्हटलं, "मॅम, तिला कन्नडमध्ये विचारा ना."
मॅडम केरळच्या. त्यांना कन्नड येत नाही. त्यांचाही चेहरा पडला.
मेट्रोत भाग्या माझ्यापासून लांब, दाराशी उभी राहिली.

२ डिसेंबर
आजही कॉलेजला आली नाही. डोकं दुखतंय म्हणे. गेला आठवडाभर हेच. सकाळी आंघोळीला जाते आणि नळ सोडून रडते. नळ एवढा वेळ कोण सोडतं?
आज बोलली. "घरी मी किती बडबड करते माहितीये? अप्पा म्हणतात, मागाचा आवाज परवडला. इथं माझं तोंडच बंद झालंय."
घरी सांगायचं नाही अशी शपथ घातली.
ती परत जाते म्हणते, मी तिला राहा, राहा करते. तिच्यासाठी, का माझ्या मॅथ्ससाठी? खरंच कळत नाही.

१२ डिसेंबर
तिच्या अप्पांचा मला फोन. "ती उचलत नाही. बरी आहे ना?"
"हो काका. लॅबमध्ये आहे."
ती समोर भिंतीकडं तोंड करून पडलेली. जेवण गेलं नाही.

१५ डिसेंबर
अप्पा स्वतःच आले. न कळवता. खाली खुर्चीत, पांढरी टोपी गुडघ्यावर. पीजी चालवणाऱ्या अक्कांनी कॉफी दिली, ती तशीच निवत होती. भाग्या काही खाली उतरेना. मी गेले.
"हेळव्वा, तूच सांग," म्हणाले. "खरं सांग बाई. अभ्यास जमत नाही का तिला?"
"जमतो काका. वर्गात पहिली आहे."
"मग?"
मग मी सगळं सांगितलं. लॅब, हसणं, नळ. शपथ आठवत होती तरी.
त्यांनी गुडघ्यावरची टोपी उचलून डोक्यावर घातली. मग म्हणाले, "रोज फोनवर सांगायची, जेवले, कॉलेजला जाऊन आले. आम्ही खूश."
उन्हं उतरायच्या आत दोघं इळकलला गेली. निघताना अप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. ती आधीच रिक्षात बसलेली, तोंड पलीकडं.

२० डिसेंबर
मेसेज करते. वाचते, उत्तर देत नाही.
आईला फोनवर सगळं सांगितलं. आई म्हणाली, "बरं केलंस." थोड्या वेळानं म्हणाली, "त्या पोरीला मात्र तू एकटीच होतीस गं तिथं."

९ जानेवारी
मॅथ्सचा पेपर. हॉलमध्ये शिरले तर भाग्या! खिडकीजवळच्या बेंचवर. हजेरी कमी होती, पण मॅथ्सचे सर तिच्यासाठी प्रिन्सिपॉलशी बोलले म्हणे. परीक्षेपुरती ती नि अप्पा बेळ्ळंदूरला कुण्या नातेवाइकाकडं उतरलेत.
पेपर सुटल्यावर आपण होऊन माझ्याजवळ आली. शेवटच्या गणिताचं उत्तर विचारलं. मी सांगितलं. "बरोबर," म्हणाली.
मग, "अप्पांना तू सांगितलंस."
हो म्हटलं.
"मी कधीच सांगितलं नसतं."
रागावून म्हणाली की कसं, ते ओळखता आलं नाही. तेवढ्यात अप्पांनी हाक मारली. बाकीच्या पेपरांनाही अशीच, यायची, लिहायची, जायची.

१६ फेब्रुवारी
दुसरं सेम सुरू. मी सगळ्यात पास. मॅथ्स चांगलं गेलंय, कुणी न शिकवता केलेली शेवटची दोन प्रकरणंसुद्धा. पप्पांना या वेळी मार्क सांगितले. ते फोनवर नुसतेच हं, हं करत राहिले.
भाग्याचा रिझल्ट माहीत नाही. विचारला नाही.
लॅबमध्ये आज मला कळलं नाही तेव्हा मॅडमना परत सांगा म्हटलं. इंग्रजीत, अडखळत. कोणी हसलं नाही. किंवा हसले असतील, मी बघितलं नाही.
परत आले तर अक्का खोलीत. मारतहळ्ळीची एक मुलगी जागा शोधतीय, खाट देऊ का तिला?
"स्वल्प दिवस थांबा ना अक्का."
"ती येते म्हणालीये का?"
"नाही."
"मग कशाला थांबायचं?"
मी तिच्या खाटेवरची चादर सरळ करत राहिले. अक्का जरा वेळ उभ्या राहिल्या. "सरी, बरं. सोमवारपर्यंत."
भाग्याला तेवढंच लिहून पाठवलं, खाट सोमवारपर्यंत आहे. राहा म्हटलं नाही, ये म्हटलं नाही.
सोमवारी माझी दिवसभर लॅब. संध्याकाळी आल्यावरच कळेल, खोलीत कोण आहे.