लाल झालेली जाळी

सोमवार, दिवेलागण

जावईबापू पुण्याचे इंजिनियर! दुपारी माझा जुन्या काचेच्या व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर उघडला, स्क्रीन ग्रिडचं, म्हणजे व्हॉल्व्हच्या आतल्या तारेच्या जाळीचं, व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर उपटला आणि साधा रेझिस्टर लावला. म्हणे, "मामा, एवढं पुरे." मीटरवर आकडा बरोबर आला. येणारच! तेव्हा विहिरींवरच्या सगळ्या मोटारी चालू, व्होल्टेज पडलेलं. सहाला शेतीची लाईट गेली, मोटारी थांबल्या, घरातलं व्होल्टेज उसळलं आणि ती जाळी लालभडक झाली. व्हॉल्व्ह खलास.

"व्हॉल्व्हच डुप्लिकेट असेल, मामा."

तीस वर्षं वाजलेला व्हॉल्व्ह डुप्लिकेट! गाढव. डोळे मिटले तरी ती लाल जाळीच दिसते. आणि इथं वहीत गुरगुरणारा मी, तोंडावर काय म्हणालो?

"असंल, जावईबापू. चहा टाकायला सांगू?"