चेहरा शेवटी काढायचा

लालबाग,
शनिवार, संध्याकाळ

प्रिय नलू,

माझं अक्षर बघितलंस की न वाचताच फाडशील, म्हणून पाकिटावरचं नाव मनूकडून लिहून घेणार आहे. तिच्यावर रागावू नकोस. पोर मंगळवारी आपणहून आली. दारात उभी राहून म्हणाली, मी नलूची मनू. आई पंधरा दिवस शीवच्या इस्पितळात आहे, ताप उतरत नाही, डॉक्टरांना काही सापडत नाही, अन्न आत ठरत नाही. तुम्हाला सांगायचं नाही अशी शपथ घातलीय, म्हणूनच सांगायला आले. अगदी तुझ्यावर गेलीय गो ती! नको म्हटलं की तेच करायचं. चहाही घेतला नाही मेलीने, पण जाताना वाकून नमस्कार केला, आणि मला रडू आवरेना.

आता शांतपणे वाच. मी कॉलेजात मॉडेल म्हणून बसते. हो, त्याच चित्रकलेच्या कॉलेजात, जिथे तू बसायचीस. हस, हस. तुझे भावजी गेले तेव्हा मी तिथेच शिकवणाऱ्या हेमचंद्र सरांच्या घरी स्वयंपाकाला होते. त्यांनीच विचारलं. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो बाहेर पडलं. बारा वर्षं झाली त्याला. येत्या सोमवारपासून चौथ्या वर्षाची परीक्षा आहे, आठ दिवसांची, आणि मी रोज बसायचंय. मी बसले तर तुझा जीव वाचेल की नाही, ते मला कळत नाहीये. बाईला वेड लागलं म्हणशील. म्हण. पण पुढचं वाच.

तू होतीस तेव्हा कोणी तुला काही समजावून सांगितलं नसेल. मला मात्र त्यांचा अख्खा अभ्यासक्रम पाठ आहे, आणि तोही अंगाने. पहिलं वर्ष सगळ्या पोरांचं एकत्र, त्याला फाउंडेशन म्हणतात. त्यात माणूसच नाही. कळशी, पडदा, कांदे, लाकडी ठोकळे, अक्षरं, रंगांच्या पट्ट्या, थोडं मातीकाम. वर्षाच्या शेवटी पोरं पांगतात. कोणी जाहिरातीकडे जातं, कोणी मूर्तिकामाकडे, कोणी कापडाच्या डिझाइनला, आणि पेंटिंग घेतात ती माझ्या वाट्याला येतात. दुसऱ्या वर्षाला फक्त डोकं, गळ्यापर्यंत. त्या पोरांसमोर बसलं की मान धरते. तिसऱ्याला कमरेपर्यंत, हातांसकट. तेव्हा मनगटं ठणकतात. हात जमला नाही की पोरं तो पदराखाली लपवतात आणि सर करवादतात, की बाईला हात दिलेत देवाने, तुम्ही कोण काढून घेणारे. चौथ्याला अख्खी बाई, पायाच्या नखापर्यंत. म्हणजे डिग्री त्यांची होते, पण तीन वर्षं थोडी थोडी करून मी त्यांच्या कागदावर उतरते. आणि सरांचा एक नियम पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत चालतो. ढोबळ आधी, बारीक मागाहून, आणि चेहरा सगळ्यात शेवटी. चेहरा आधी काढलात तर बाकीची बाई मरते म्हणतात.

आता जी मुलं चौथ्याला आहेत ना, त्यांच्या दुसऱ्या वर्षापासून हे सुरू झालं. बावीस पोरं आहेत. चहाच्या सुट्टीत मी सगळ्यांचे कागद बघत फिरते, ती माझी जुनी खोड. एक दिवस बघितलं तर एकीच्या कागदावर माझ्या डाव्या कानामागे कोळशाचा डाग. म्हटलं, हात लागला असेल. पुढच्याच्याही कागदावर डाग, त्याच्या पुढच्याच्याही. पोरांना विचारलं तर म्हणाली, मावशी, तिथे काळोखं दिसतं. मागे पांढरी भिंत, वर दोन ट्यूब, काळोखं कुठून येणार? सर म्हणाले, एकाने केलं की दुसरा बघून करतो, मेंढरं आहेत नुसती. मला पटलं. आपल्याला पटवून घ्यायचंच असतं.

तिसऱ्या वर्षाला कमरेपर्यंत काढायला लागली, आणि माझ्या डाव्या खांद्यावर हात आला. माझे दोन्ही मांडीवर. हा तिसरा. सगळ्यांच्या कागदावर नव्हता, बारा-तेरा जणांच्या होता. सरांनी त्यांना झापलं, कागद परत करायला लावले. परत केलेल्या कागदांवर तो आणखी नीट आला. नलू, बघून काढलं असतं तर सगळ्यांचा सारखा आला असता. पोरं माझ्याभोवती गोल करून बसतात. डावीकडच्या पोरांच्या कागदावर त्या हाताची बोटं समोरून दिसत होती, उजवीकडच्यांना नुसती टोकं, खांद्यावरून पुढे आलेली. जिथून जसं दिसायला हवं तसं. जे नाही ते इतकं बरोबर कसं दिसेल? त्या दिवशी मी घरी येऊन दिवा लावला आणि नारळ फोडला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसले. काय करणार, मुलं खोळंबली असती.

आणि मग चौथ्या वर्षाला आरोहीचा कागद. ही मुलगी प्रभादेवीहून येते, अबोल, कायम उशिरा. उशिरा येणाऱ्याला जागा कुठली मिळणार? माझ्या पाठीमागची. तिने पाठमोरीच काढायची मला, तसं चालतं. तिच्या कागदावर मी नव्हतेच. एक बाई उभी होती पाठमोरी, सडपातळ, कमरेखाली जाणारी वेणी, वेणीच्या टोकाला कापडाची चिंधी गुंडाळलेली. तिच्याआड खुर्चीचा एक पाय तेवढा दिसत होता. सरांनी विचारलं, मॉडेल कुठे आहे? आरोही म्हणाली, आहेत ना सर, त्यांच्या पुढे बसल्यात, मला दिसत नाहीत. सरांनी तिला त्या कागदावर भोपळा दिला. मी तिला सुट्टीत वडा खाऊ घातला आणि म्हटलं, बाळ, जागा बदल. ती म्हणाली, मावशी, मला भीती नाही वाटत, त्या काही करत नाहीत, नुसत्या उभ्या असतात.

रिबिनीचे लाड आपल्याकडे नव्हते, आई जुन्या लुगड्याची चिंधीच बांधायची, तुझी नि माझी. पण मी तुला वेणीवरून नाही ओळखलं. हातावरून ओळखलं. करंगळी बाहेरच्या बाजूला मोडलेली. ती कशी मोडली ते जगात दोघींनाच माहीत आहे, आणि त्यातलं अर्धं मला एकटीला. ते आज सांगून टाकते. कॉलेजात काढलेलं तुझं चित्र पेपरात छापून आलं, कोणीतरी ते कात्रण चाळभर फिरवलं, सासूबाईंनी माझ्यापुढे टाकलं. संध्याकाळी तू आलीस, हसत, हातात खाऊचा पुडा. मी दार आपटलं. तुझा हात चौकटीत होता. गेली चोवीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की वाऱ्याने आपटलं, तुलाही तसंच वाटत असेल, निदान रागाच्या भरात झालं असं वाटत असेल. नलू, मला हात दिसला होता. दिसला आणि तरी मी ढकललं. तू ओरडलीससुद्धा नाहीस. पुडा खाली ठेवलास आणि निघून गेलीस. लालबागहून शीव काय लांब आहे गो? बसने अर्धा तास. पण पाय उचलला नाही माझा. आणि शेवटी त्याच कामाला गेले, ज्याच्यासाठी तुला घराबाहेर काढलं. देव काय आंधळा नाही.

मी हे सगळं मनात ठेवून गप्प बसले असते, पण गुणाजी आहे ना. तुला आठवेल, बहुतेक तुझ्याच वेळचा, दाढीवाला, पुतळ्यासारखा बसायचा, शिंक आली तरी हलायचा नाही. आता परळला मुलाकडे असतो. गेल्या महिन्यात त्याला गाठलं. सगळं ऐकून घेतलं त्याने, एकदाही हसला नाही. म्हणाला, माझ्यामागेही असंच कोणीतरी यायचं, एका तुकडीला. दुसऱ्याला काळोखं, तिसऱ्याला हात, चौथ्याला अख्खा माणूस. मला गंमत वाटायची. परीक्षेच्या शेवटच्या दिवशी पोरांनी चेहरे पुरे केले आणि मी बघायला गेलो, तर माझा धाकटा भाऊ. त्याच संध्याकाळी कुडाळहून फोन आला, तो गेला म्हणून. भाऊ दोन आठवडे तापाने पडला होता, मला कोणी कळवलं नव्हतं. गुणाजी त्यानंतर त्या वर्गात कधी बसला नाही. मला म्हणाला, चेहरा पुरा होऊ देऊ नकोस.

आता तूच जोड. मुलांनी परीक्षेच्या आधीचं कच्चं काम ज्या सोमवारी सुरू केलं, त्याच सोमवारी तुला ताप भरला. मनूने तारीख सांगितली तेव्हा मी कॅलेंडर काढून दोनदा मोजलं. बावीस कागद आहेत आणि या खेपेला बावीसही कागदांवर तू आहेस. उभी, खुर्चीच्या डाव्या अंगाला, पातळाच्या निऱ्या, पायाची बोटं, सगळं. फक्त चेहऱ्याच्या जागी कोरा कागद, कारण चेहरा परीक्षेत. मी सरांकडे गेले. म्हटलं, मी बसत नाही. सर हात जोडायला लागले. मावशी, तीन वर्षं ही मुलं तुमच्या अंगावर शिकलीत, आता नवी बाई आणली तर आठ दिवसांत काय काढतील? वर्ष जाईल पोरांचं. आणि खरं सांगते, मी नाही बसले तरी काय उपयोग? पोरांना तू दिसतेस, ती मी आहे म्हणून नाही. नवी बाई बसेल, तू तिच्यामागे उभी राहशील, आणि आठव्या दिवशी चेहरा पुरा होईल. मला ठाऊकसुद्धा होणार नाही.

तीन दिवस डोकं फुटेस्तोवर विचार केला, मग आज सकाळी पुन्हा सरांकडे गेले. म्हटलं, मी येते, पण बसणार नाही. उभी राहीन. खुर्ची रिकामी ठेवा आणि मी तिच्या मागे डाव्या अंगाला उभी राहते, एक हात पुढे, कोणी बसलंय असं धरून. सरांना काय, ते खूश, म्हणाले, मावशी, तुम्हाला रचना कळायला लागली. लगेच मुलांना बोलावून तासभर करून बघितलं. मी त्या जागी जाऊन उभी राहिले. आधी वाटलं, गर्दीत शिरल्यासारखं, कोणीतरी जरा सरकून जागा करून देतंय. मग करंगळी ठणकायला लागली, अशी की डोळ्यांत पाणी आलं. मी हलले नाही. तास संपल्यावर सगळे कागद बघितले. एकच बाई होती. जाडी, पिकल्या केसांची, आखूड मानेची. आरोहीच्या कागदावर माझीच पाठ, आणि ती पहिल्यांदा माझ्याकडे बघून रडली. मी म्हटलं, रडतेस काय, आज पास होशील की. दुपारी मनूचा फोन आला, आईने दोन आठवड्यांनी वाटीभर पेज घेतली आणि ती आत ठरली. गुणाजीला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, मला हे तेव्हा सुचलं असतं तर. एवढंच बोलला आणि ठेवला. म्हणून हे पत्र लिहायला बसले, नलू. मला क्षमा कर म्हणत नाही, तो तुझा प्रश्न आहे. फक्त हे कळवायचं होतं की आठ दिवस मी त्या जागेवरून हलणार नाही, आणि शेवटच्या दिवशी पोरं चेहरा माझाच काढतील, मी त्यांना सांगून ठेवलंय, नीट बघून काढा, एक सुरकुती सोडू नका. तुला एकेक दिवस बरं वाटत जाईल. भूक लागेल. मनूला म्हणावं पेज बंद कर, भात आणि सुंगटाची कढी कर, आणि पोटभर जेव. परीक्षा संपेल त्या सोमवारी लालबागहून कोणी काही सांगायला आलं, तर आधी जेवण पुरं कर, मग ऐक.

जन्माची तुझीच,
सुभाताई