आज हरायची पाळी कोणाची

नांदेड,
रविवार, संध्याकाळ

प्रिय खातून,

सप्रेम जय भीम. घरातल्या थोरांना माझा सलाम आणि लहानांना गोड पापा. मी भयंकर रागात आहे. पण आपल्या शाळेतल्या सिस्टर फिलोमिनांनी पत्रलेखनाच्या तासाला बजावून ठेवलं आहे की सभ्य माणूस आधी समोरच्याची तब्येत विचारतो आणि मग भांडतो (दुसरा भाग त्यांचा नाही, माझा). म्हणून विचारते. तुझे गुडघे कसे आहेत? तेल चोळतेस, की बाटलीकडे नुसती बघत बसतेस? तुझी नात अलीझा बारावीचा अभ्यास करते, की अजून अंगठ्याने मोबाईलच खाजवते? दारातल्या सीताफळाला यंदा फळ धरलं का? बरं. चौकशी झाली. तू म्हणशील, एवढं लिहीत बसण्यापेक्षा फोन करायचा. फोनवर तू हसतेस. पत्र वाचतानाही हसशील, पण ते मला ऐकू तरी येणार नाही.

बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी दर रविवारी इथल्या ‘चौसष्ट घरं मंडळा’त बुद्धिबळ खेळायला जाते, हे तुला ठाऊक आहे. वाचनालयाच्या माडीवरची एक खोली, तीत एकच पंखा, आणि तोही नेमका आमचे सेक्रेटरी मल्लिनाथअप्पा यांच्या डोक्यावर. सभासद सगळे पुरुष, सगळे निवृत्त, आणि स्वतःचा डाव सोडून दुसऱ्याच्या पटावर वाकलेले. बाई मी एकटी. त्यामुळे वार्षिक स्पर्धेत महिला गटात पहिली मीच येते, दर वर्षी, एकही चाल न खेळता. एकदा स्टीलची बरणी मिळाली, एकदा भिंतीवरचं घड्याळ, गेल्या वर्षी इस्त्री. टाळ्या वाजतात. अप्पा भाषणात म्हणतात, ‘बाईंनी यंदाही आपला दबदबा कायम राखला.’ कोणावर राखला गं? त्या बरणीवर?

मला बरण्या नको होत्या. मला खेळ सुधारायचा होता. त्यासाठी मी काय काय केलं ते ऐक. पुण्याहून मुलाने मोबाईलवर एक बुद्धिबळाचं ॲप घालून दिलं. त्याच्या सगळ्यात खालच्या पायरीला दुधाची बाटली धरलेल्या बाळाचं चित्र आहे. त्या बाळाने मला महिनाभर धुतलं. मग यूट्यूबवर एक पोरगा शिकवतो, तो इतक्या वेगाने बोलतो की त्याची वजिराची चाल समजावून होईपर्यंत माझा घोडा निघालेलाही नसतो. माझी खरी खोड मात्र तुला माहीत आहे ती. सोंगटी उचलायची, हवेत धरायची, ‘नुसतं बघत होते’ म्हणून परत ठेवायची. हात लावला की चाल झाली, हा नियम अंगात मुरावा म्हणून मी तो भाजी बाजारात पाळायला लागले. हात लावला की घ्यायचं. पहिल्याच दिवशी एक किडका फ्लॉवर घेतला, दोन जून दुधी घेतले, आणि एका बाईच्या पिशवीवर चुकून हात पडला तेव्हा तिने माझ्याकडे असं बघितलं की तो रस्ता मी अजून टाळते. आमच्या ह्यांनी आठवडाभर जून दुधी खाल्ला, निमूटपणे. (ह्यांच्या निमूटपणाबद्दल पुढे येईलच.)

आणि खातून, मी जिंकायला लागले! पावसाळा संपता संपता मी आधी अप्पांना हरवलं, मग जिलानीभाईंना हरवलं. जिलानीभाई म्हणजे मुखेडच्या गाडीवर जन्म काढलेले एसटीचे ड्रायव्हर. नजर लांबची, हात गार, मंडळातला सगळ्यात पक्का खेळाडू. मी हुरळले. आता माझं असं आहे की हुरूप आला की मी शनिवारी ज्वारीचं पीठ मळायला घेते. मेथी, तीळ, लसूण घालून धपाटे, सोबत घट्ट दही आणि शेंगदाण्याची चटणी. आईच्या हातचे, तेच, ज्यांच्यासाठी तू मधल्या सुट्टीत माझा डबा पळवायचीस. जिंकलेल्या आठवड्यानंतरच्या रविवारी मी भरलेला डबा घेऊन मंडळात जायची. हरले, तर आठवडाभर पट मांडून चूक शोधत बसायची, घरात खिचडी शिजायची, आणि पुढच्या रविवारी रिकाम्या हाताने जायची. यात कोणाला शिक्षा करायचा हेतू नव्हता. आमचे हे तर दर रविवारी दारातच विचारायचे, ‘जिंकलीस का गं?’ या वयात नवऱ्याने बायकोच्या खेळाची इतकी काळजी करावी, याने माझे डोळे भरून यायचे. काय मूर्ख बाई आहे मी.

मूर्ख का, तर मला वाटलं की आपल्यात मुळातच काहीतरी आहे. त्याचा पुरावा माझ्याकडे होता. तूच. लातूरला गंजगोलाईजवळ तुझ्या अब्बांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, आत पन्नास घड्याळं पन्नास वेळा दाखवणारी, आणि पायरीवर आपण दोघी, मध्ये पट. तू एक चाल कधी परत घेऊ दिली नाहीस. मी रडायची, तुझी अम्मी तुला ओरडायची, आणि तू तिच्याकडे न बघता माझा हत्ती खायचीस. पण नववीत, आम्ही लातूर सोडलं त्या दिवशी, मी तुला हरवलं. तुझा वजीर माझ्या उंटापुढे आला, मी खाल्ला, तू कपाळावर हात मारून घेतलास. आयुष्यभर मी त्या डावावर जगले आहे. बँकेत वरिष्ठांनी खडसावलं की तो उंट आठवायची. मंडळात तर मी तो डाव इतक्यांदा सांगितला आहे की अप्पा आता माझ्या आधी शेवट सांगतात.

आता आज सकाळचं. जिना चढताना माझ्या हातात डबा होता आणि वरून आवाज येत होते. अप्पा विचारत होते, ‘आज हरायची पाळी कोणाची?’ मला वाटलं, दुसऱ्या कशाबद्दल असेल. मग जिलानीभाई म्हणाले, ‘माझी न्हाई. ह्या महिन्यात दोनदा हारलो मी. घरी नातवंडं हसून राहिले मला.’ अप्पा म्हणाले, ‘मंग पुढच्या इतवारी चटणी-भाकर बांधून आणा घरून. बाई हारल्या की डबा येत न्हाई, ठाऊक हाय ना?’ मी पायरीवरच उभी राहिले. माझा सगळा पावसाळा, ते ॲप, तो फ्लॉवर, ते दुधी, सगळं त्या जिन्यात माझ्या अंगावर कोसळलं. मी मेथीसाठी जिंकत होते!

मी वर गेले. डबा ठेवला आणि पट मांडला. जिलानीभाई मान खाली घालून समोर बसले (पाळी शेवटी त्यांच्यावरच आली होती). मी ठरवलं, आज काय वाटेल ते होवो, जिंकायचं नाही. त्यांनी वजीर माझ्या घोड्यापुढे आणून ठेवला. मी घोडा बाजूला घेतला. त्यांनी वजीर पुन्हा घोड्याच्या वाटेत आणला. मी प्यादं सरकवलं. मग मीच माझा वजीर त्यांच्या हत्तीसमोर उभा केला, तर ते चष्मा पुसत बसले. ‘बाई, तुमचा वजीर मरून राहिला,’ म्हणाले. मी म्हटलं, ‘मरू द्या. तुमचा कधीचा मरायला उभा आहे.’ खोलीतले सगळे डाव थांबले. दोन शहाणीसुरती माणसं हरण्यासाठी घाम गाळत आहेत, असा डाव त्या माडीवर कधी झाला नसेल. आणि खातून, मी जिंकले. त्यांनी माझ्या सोंगट्या अशा कोंडल्या की मला एकच चाल उरली, आणि ती खेळल्यावर त्यांच्याच राजावर मात झाली. हरण्यातही तो माणूस माझ्यापेक्षा सरस निघाला! वर कपाळावर हात मारून म्हणतात, ‘हाय रे, दिसलंच न्हाई!’

मग मी बोलले. काय बोलले ते सिस्टर फिलोमिनांच्या आत्म्याला ऐकवत नाही म्हणून लिहीत नाही. जिलानीभाई उभे राहून म्हणाले, ‘बाई, तुमी हारल्या की आठ दिवस कोमेजून जाता. आमाला बघवत न्हाई ओ.’ अप्पा पंख्याखालून म्हणाले, ‘आन् धपाटेबी नसतात.’ माणसाने निदान नुसतं लबाड असावं. लबाड आणि मायाळू दोन्ही एकदम असला की त्याच्यावर धड रागावताही येत नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. मी डबा उचलला. अप्पा मागून ओरडले, ‘बाई, राग खेळावर काढा, डब्यावर नका काढू!’ रिक्षात बसून मी तीन धपाटे खाल्ले, रागात. चांगले झाले होते. घरी ह्यांनी दारात विचारलं, ‘जिंकलीस का?’ मी विचारलं, तुम्हाला कधीपासून माहीत आहे? ते निमूटपणे डब्याकडे बघत राहिले.

तर खातून, मी मंडळ सोडलं आहे. बुद्धिबळ सोडलं आहे. पट माळ्यावर टाकला आहे. पुन्हा या विषयावर माझ्याशी बोलू नकोस.

तुझी,
प्रियदर्शनी

ता. क. पट माळ्यावर टाकलेला नाही. टाकायला स्टुलावर चढावं लागतं आणि स्टूल धरायला ह्यांना हाक मारावी लागते. राजीनामा लिहिला होता, पण त्यात सुरुवातीला अप्पांच्या तब्येतीची चौकशी करावी लागली, आणि मग मन लागेना. जिलानीभाईंकडे उरलेला डबा पाठवून दिला. नातवंडांसाठी.

ता. क. २. वार्षिक स्पर्धा पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आहे. महिला गटात मी तुझं नाव देऊन टाकलं आहे. अप्पा फोनवर म्हणाले, ‘आता दोघी झाल्या म्हणजे खेळावंच लागंल की ओ!’ गुडघ्यांचं कारण सांगू नकोस, बुद्धिबळ बसून खेळतात. एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे. लातूरहून निघालीस की चाकूर, अहमदपूर, लोहा, आणि मग मी स्टँडवर उभी असेन. मला एकदा कोणीतरी खरं खरं हरवायला हवं, म्हणजे मी कुठे आहे ते मला कळेल. तेवढी निर्दय मैत्रीण माझी दुसरी कोणी नाही.

ता. क. ३. आज जिलानीभाईंनी कपाळावर हात मारला तेव्हा मला तुझा हात आठवला. त्या दिवशी आमचं सामान ट्रकमध्ये चढलं होतं, मी सकाळपासून रडत होते, आणि आईने निरोपाचे धपाटे तुमच्या दुकानात पाठवले होते. ते त्या पायरीवरच ठेवलेले होते, पटाशेजारी. खरं काय ते मला पत्राने कळवू नकोस, फोनवर तर मुळीच नाही. समोर बस आणि खेळ. डबा मी डाव संपेपर्यंत उघडणार नाही. आणि कपाळाला हात लावलास, तर याद राख.