होज घेईल सगळं

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

स्ट्रेसवाल्या भगिनींनो! — म्हणजे पाईपवरचा ताण तपासणाऱ्या मी आणि सृष्टी, अख्ख्या ऑफिसात दोघीच — आपलं गाऱ्हाणं एकच. पाईप आपण इंच इंच तपासायचा आणि होज मात्र कुणीच नाही! व्यासपीठ नाही, म्हणून वहीलाच सुनावते.

दिंडोरीकडच्या कारखान्याची वाफेची लाईन. तापली की अडतीस मिलिमीटर लांबणार. तिच्या टोकाशी टाकी. टाकीवर जोर येऊ नये म्हणून मध्ये स्टीलचा लवचीक होज — आत पन्हळीची नळी, वर तारांची जाळी. आमचे लीड महेशसर, त्यांनी कॉम्प्युटरवरच्या मॉडेलमधून होजच काढून टाकला! पाईपचं टोक मोकळं सोडलं. मग काय, रिपोर्ट हिरवागार.

"होज आहे ना मॅडम, घेईल सगळं."

घेईल! घरातली थोरली सून आहे का ती?

४ नोव्हेंबर, मंगळवार

पुन्हा सांगितलं. होज वाकतो, पण दाबून आखूड होत नाही. हा सरळ बसवलाय, पाईप त्याच्याच अंगावर चालून येणार. पन्हळी चुरगळणार, जाळी सैल पडणार. आत आठ बार दाबाची वाफ. आणि शेजारी दिवसभर कोण? हिरामणभाऊ, साईटचे फिटर.

"क्लायंटनं विचारलंय का?" — महेशसर.

"तुम्ही विचारलंय का, स्वतःला?" — मी.

दार जरा जोरातच लागलं.

६ नोव्हेंबर

डोकं उठलंय. उद्या क्लायंटबरोबर मीटिंग. सृष्टी म्हणते, "ताई, बोला बिनधास्त. फक्त तुमचं नेहमीचं पानिपत नको."

७ नोव्हेंबर, शुक्रवार

पानिपत आलंच. शौर्य कमी पडलं नव्हतं, रसद तुटली होती. आपलाही पाईप भक्कम आहे, जोड कच्चा आहे — वगैरे. "आलं!" महेशसर म्हणाले. सगळे हसले. मीही हसले, आणि मग वीस मिनिटं कुणाला तोंड उघडू दिलं नाही. मोकळं टोक म्हणजे शून्य जोर नव्हे, आपण टाळलेला प्रश्न!

जिंकले. सरळ होज रद्द. त्याऐवजी लांब होज, यू आकारात लोंबता. म्हणजे अडतीस मिलिमीटर तो वाकून घेईल. मॉडेलमध्ये होजचा ताठपणा घातला, किती वाकतो ते कंपनीच्या मर्यादेशी ताडलं. ड्रॉइंगवर सही माझी. क्लायंटच्या साहेबांनी टेबल वाजवलं.

तरी संताप जात नाही. एवढ्या साध्या गोष्टीसाठी घसा का फोडावा लागतो?

११ नोव्हेंबर

होज साईटवर पोचला. शुक्रवारी नऊला वाफ सोडणार. महेशसर बोलत नाहीत. नका बोलू!

१३ नोव्हेंबर, गुरुवार

हिरामणभाऊंचा फोन. "मॅडम, राग नका मानू. मागचा जॉइंट अजून खुला हाय. म्हून होजवर खडूची उभी रेघ मारली, अन् पाईपचा तुकडा चेन-पुलीनं अडतीस मिली सरकवून पाह्यला. रेघ पार दोरीवानी पिळली वो."

"म्हणजे?"

"तुमचा यू टांगलाय पूर्व-पश्चिम. पाईप जातो उत्तरेला. होज वाकंना, पिळतोय. पिळलेला होज लय दिवस काढत नाय, मॅडम. जाळीच्या बुडाशी फाटतो."

मी काय म्हणाले? "ड्रॉइंगप्रमाणेच लावलाय ना? मग राहू द्या, भाऊ. मी सगळं तपासलंय."

"बरं," म्हणाले. "मंग जॉइंट आवळून टाकतो." आणि फोन ठेवला.

वैताग! आता साईटवरूनही परीक्षा!

१४ नोव्हेंबर, सकाळी सात

राहवेना, मॉडेल उघडलं. माझ्या मॉडेलमध्ये एक्स दिशा म्हणजे उत्तर. साईटच्या ड्रॉइंगमध्ये एक्स म्हणजे पूर्व. यू नव्वद अंशांनी चुकीचा टांगलाय — माझ्या सहीनं. मीटिंगमध्ये हे कुणी विचारायचं, तर आधी मी बोलायचं थांबायला हवं होतं.

भाऊ फोन उचलत नाहीत. मेसेज केलाय, महेशसरांनाही तोच:

"हिरामणभाऊ, चूक माझी आहे, तुमची रेघ बरोबर आहे. वाफ सोडू देऊ नका. मुख्य व्हॉल्व्हला आत्ता कुलूप लावा आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा."