मास्तरणीचं घमेलं

पोंभुर्णा,
१९ जानेवारी

प्रिय नंदू,

हे पत्र मांजरीच्या संडासाबद्दल आहे. नाक मुरडू नकोस, नर्स आहेस, याहून वाईट रोज बघतेस. फोनवर सांगता आलं असतं, पण गेल्या वर्षभरात आपले फोन कसे होतात ते तुला ठाऊक आहे. रविवारी सकाळी तू विचारतेस, बरी आहेस ना, मी हो म्हणते. मी विचारते, जेवलीस का, तू हो म्हणतेस, आणि मग 'ठेवते आई'. चार मिनिटं. तू माझ्यावर रागावली आहेस आणि तुझा राग खरा आहे. पण चार मिनिटांत मला काही नीट मांडता येत नाही. अंगणवाडीत तीस वर्षं रजिस्टरं लिहिली, त्यामुळे बोलण्यापेक्षा लिहिणं मला बरं जमतं. तेव्हा चहा घेऊन बस आणि शेवटपर्यंत वाच. मध्येच ठेवू नकोस.

दिवाळीपासून आपल्या बाजूला बिबट्याची ये-जा सुरू झाली आहे. आधी शेजारच्या सुगंधाबाईचा कुत्रा गेला, मग रामाजीभाऊंच्या दोन बकऱ्या. वनरक्षक येऊन सांगून गेला की दिवस मावळायच्या आत जनावरं घरात घ्या. बकऱ्या-कोंबड्यांचं ठीक आहे, त्यांना कोंडलं की त्या गप्प बसतात. आपल्या मास्तरणीचं काय करायचं? बाबा गेल्यावर तिसऱ्या महिन्यात तू तिला बसस्टँडवरून ओढणीत गुंडाळून आणलंस. डोळ्यांभोवती काळे पट्टे, अगदी चष्मा लावल्यासारखे, म्हणून तूच तिचं नाव मास्तरीण ठेवलंस. मी पुण्याला गेल्यावर तुला सोबत होईल, असं म्हणाली होतीस. सोबत तर झालीच, पण बाईंचा रुबाब असा की रोज संध्याकाळी मागच्या वाडीत सीताफळाखाली जायचं, जागा हुंगायची, उकरायची, नापसंत करायची आणि दुसरी शोधायची. शाळा तपासायला आलेले साहेबसुद्धा इतका वेळ घेत नाहीत. आणि नेमकी तीच बिबट्याची वेळ.

म्हणून मी ठरवलं की मास्तरणीला घरातच सवय लावायची. निदान गावाला मी हेच कारण सांगितलं. जुनं घमेलं न्हाणीच्या कोपऱ्यात ठेवलं तर सुगंधाबाई दारातूनच म्हणाली, "काऊन वो गिरजाबाई, आमच्या घरी संडास येऊन धड सहा वर्षं नाई झाले, अन् तू मांजरीले बांधून राह्यली?" दुपारपर्यंत ही बातमी पिठाच्या चक्कीवर पोचली होती. गिरजाबाई म्हातारपणी चळली, असं ठरलं.

आधी चुलीतली राख घातली. घरचीच वस्तू, घाण झाकते, वासही मारते, मला वाटलं काम झालं. मास्तरणीने ती वापरली आणि मग घरभर फिरली. गादीवर, बाबांच्या खुर्चीवर, माझ्या धुतलेल्या पांढऱ्या लुगड्यावर करडी पावलं. दिवसभर मी तिच्यामागे फडकं घेऊन. राख बाद.

मग अंजनाबाईची रीना आहे ना, ती मोबाईलवरून सगळं मागवते, तिला मी सांगितलं की मांजरांसाठी शहरात जे काही मिळतं ते मागव. खड्यांची पिशवी आली. वरून गुलाबाचा वास. माती तर आपल्या वाडीतही आहे, तिला अत्तर लावून विकतात हे मला नवीन होतं. पिशवी ओतली तर अशी पांढरी धूळ उडाली की मला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. मास्तरीण शिंकत पळाली ती दुपारी जेवायलाच आली. मी विचार केला, मला इतका त्रास, मग दमा असलेल्या माणसाचं काय होईल. आपल्या घरात कोणाला दमा आहे, असं तू म्हणशील. थांब जरा, सांगते. पण त्या दिवशी मी मनाशी पक्कं केलं की जे काही घालायचं ते आपल्या इथलं हवं, त्याला अत्तर नको आणि धूळ तर मुळीच नको.

लाकूड कापायच्या आरा मशीनवरचा सागाचा भुसा आणून पाहिला. तो तिच्या केसांत अडकला आणि बाईंनी दोन दिवस स्वतःला चाटत बसण्याशिवाय काही केलं नाही. शिवाय त्यात लाकडाला लावलेलं काय काय औषध असतं कोण जाणे. तेही बाद.

आता खरी फजिती ऐक, आणि हसलीस तर मला चालेल. धानाचा मोसम आहे, मिल दिवसरात्र चालू आहे, मागे तुसाचे डोंगर. तूस हलकं, कोरडं, फुकट. बाबा भिंती लिंपताना चिखलात तूस कालवायचे आणि तू त्या चिखलाचे लाडू करून ओळीने मांडायचीस, आठवतं? म्हणून मिलवर हमाली करणाऱ्या लटारूला मी निरोप दिला की एक पोतं कोंडा आणून टाक. माझ्या माहेरी, चामोर्शीकडे, आम्ही तुसालाच कोंडा म्हणायचो. इथे लग्न होऊन छत्तीस वर्षं झाली तरी जीभ माहेरचीच. लटारूने इमानदारीने कोंडा आणला, म्हणजे तांदळावरचा तो मऊ, तेलकट, गोडसर वासाचा कोंडा, जो ढोरांना घालतात. मी गेले होते आंघोळीला पाणी तापवायला, मला न विचारताच त्याने घमेलं भरून ठेवलं. बाहेर येऊन पाहते तर सुगंधाबाईच्या सात कोंबड्या न्हाणीत घमेल्याभोवती पंगत मांडून बसलेल्या, रामाजीभाऊंची उरलेली बकरी दारात, आणि मास्तरीण उंच फळीवर बसून वर्गातला गोंधळ बघावा तशी बघत होती. मी ओरडले तर लटारू म्हणतो, "बाई, तुमी कोंडा सांगतला, मी कोंडा आणला. मले वाटलं मांजर उपाशी हाय." पोतं सुगंधाबाईच्या गाईला गेलं. त्या दिवसापासून ती मला चळलेली म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी खरं तूस आलं. कोंबड्यांनी ढुंकून पाहिलं नाही, तेवढं चांगलं झालं. पण तुसाच्या अंगाला पाणी लागत नाही, सगळी ओल खाली तळाशी साचते आणि तिसऱ्या दिवशी न्हाणीत उभं राहवत नाही. मी खरंच खचले गं. इतकी वर्षं लहान पोरांना शी-शूची सवय लावली, तीन-चारशे पोरं माझ्या हाताखालून गेली, आणि एका मांजरीपुढे हात टेकले. घमेलं उचलून उकिरड्यावर टाकायला निघाले होते, तर वाटेत बुधरी भेटली. तुझी शाळेतली बुधरी, तुझ्या बाकावर बसायची ती. आता सूप-टोपल्या विणते, सोमवारी बाजाराला येते. तिने घमेल्यात बोटं घातली, हुंगलं, आणि आपल्या झोळीतून बांबू तासताना पडलेला भुगा मूठभर काढून त्यावर टाकला. म्हणाली, "बाई, हे पाह्य टाकून. आमच्या घरी पोरगं मुततं तं आमी हेच टाकतो. ओल पिऊन घेते." नंदू, तो भुगा खरंच ओल पितो. खाली दोन बोटं तूस, वर चार बोटं बांबूचा भुगा. भिजलेल्याचा गोळा होतो, तेवढाच खराट्याच्या काडीने उचलून टाकायचा. आधी चाळणीने दोनदा चाळून घेतला की धूळ म्हणून उरत नाही. तोंडाजवळ धरून श्वास घेऊन पाहिला मी, ठसका नाही. वास म्हणशील तर ओल्या बांबूचा, इतकाच.

तरी बाई सहज कबूल झाल्या नाहीत. त्यांना सीताफळाखालचीच माती हवी. मग मी अंगणवाडीतली युक्ती केली. नवीन पोर रडायला लागलं की पहिले काही दिवस आपण आईला शेजारी बसू देतो, मग दारात, मग फाटकाबाहेर, तशी. पहिल्या दिवशी भुग्यावर सीताफळाखालची चार-पाच ओंजळी माती घातली. दुसऱ्या दिवशी थोडी कमी. मग रोज एकेक मूठ कमी करत गेले. ती हुंगायची, माझ्याकडे बघायची, मी दुसरीकडे बघायचे. मकर संक्रांतीला शेवटची चिमूट संपली. आज पाच दिवस झाले, घमेल्यात वाडीच्या मातीचा कणही नाही आणि मास्तरीण न कुरकुरता वापरते आहे. या पाच दिवसांत मीही एक गोष्ट करून पाहिली. वाडीत पाऊल टाकलं नाही. दार लावून चार भिंतींत राहून पाहिलं. पहिल्या दिवशी जीव घुसमटला, कालपासून तितका नाही.

आता मुळावर येते. गेल्या वर्षी याच महिन्यात तू फोन केला होतास. आवाज नव्हताच तुला. चौथ्या महिन्यात सगळं संपलं होतं, आणि तू एवढंच म्हणालीस, आई, ये. आणि मी काय म्हणाले? मास्तरीण आज-उद्या व्यायेल, तिला टाकून कशी येऊ. तू म्हणालीस, ठीक आहे आई, मांजर सांभाळ. ते वाक्य मी रोज ऐकते. तू मला सोबत म्हणून दिलेल्या जिवाचा मी तुझ्यापुढे आडोसा केला. मांजर सुगंधाबाईकडे ठेवता आली असती हे तुलाही माहीत होतं आणि मलाही. खरं कारण मी कोणाला सांगितलं नाही, बाबा असते तर त्यांना कळलं असतं. तुझ्या आधी मला एक मुलगा झाला होता. सात दिवस होता. त्यानंतर मी ज्या खाटेवर पडून होते, तशा खाटेवर तुला बघायची माझ्यात हिंमत नव्हती. मी घाबरले, नंदू. मांजरीचं नुसतं नाव.

आपल्या जावयाने, पवनने, गेल्या महिन्यात मला फोन केला. त्याच्यावर रागावू नकोस, तू नको म्हणाली होतीस तरी त्याने सांगितलं, आणि सांगताना त्याला धाप लागत होती, दम्याने की आनंदाने ते कळलं नाही. तुला पुन्हा दिवस आहेत, आता पाचवा महिना लागला आहे. मी त्या दिवशीच घमेलं काढलं. आता तुला कळलं असेल हे सगळं कशासाठी चाललं होतं. पुण्यात तुमच्या चौथ्या मजल्यावर वाडी नाही आणि घरात पवन दमेकरी. बिबट्या आहे, पण तो गावाला सांगायला. जनावरांच्या डॉक्टरांनाही विचारून आले. गरोदर बाईने मांजरीच्या घाणीला हात लावू नये, रोजच्या रोज दुसऱ्याने काढावी, असं ते म्हणाले. तुला हे माहीत असणारच. ती दुसरी मी. रीनाचा भाऊ लोकेश तांदूळ घेऊन पुण्याला गाडी आणतो, तो येत्या शनिवारी निघतोय. पुढच्या सीटवर मी, मांडीवर टोपलीत मास्तरीण, मागे चाळलेल्या भुग्याची दोन पोती आणि तुसाचं एक. टोपली बुधरीने विणली, झाकणासकट, आणि तुझ्यासाठी म्हणून पैसे घेतले नाहीत. तुला मांजर नकोच असेल तर लोकेशला फोन करून तसं सांग. सुगंधाबाईने तिला ठेवून घ्यायचं कबूल केलं आहे, कोंड्याचे उपकार म्हणून. मग मी एकटी येईन. या खेपेला मांजर आड येणार नाही. येऊ का, असं मी विचारत नाही. गेल्या वर्षी तू 'ये' म्हणाली होतीस, त्याचं उत्तर द्यायचं राहिलं होतं. येते.

तुझीच, भ्यायलेली पण निघालेली,
आई