पाचव्या बदामाच्या भरवशावर

प्रिय प्रज्वल,

फोनवर तू विषय बदलतोस, म्हणून लिहायला बसले. आईचे गुडघे बरे आहेत. हुडकेश्वरचा आमचा रस्ता पुन्हा खोदलाय. रितिका रोज विचारते, मामा कधी येणार.

मागे दिवाळीत तू गच्चीवर तुझ्या भाऊजींना, सुशीलला, पोकर शिकवलंस, पैशांऐवजी भुईमुगाच्या शेंगा लावून. हातात बदामाची दोन पानं, खाली उघडी बदामाचीच दोन. बदामाचं पाचवं पान आलं तर डाव आपला. येईपर्यंत मात्र हातात काहीच नाही, हे तू बजावून सांगितलंस. पुढचं पान स्वस्तात बघायला मिळत असेल तर थांबायचं, महाग पडत असेल तर पानं टाकून द्यायची. आणि समोरचा कच्चा वाटला, तर पान यायच्या आधी आपणच जोरात बोली वाढवायची. तो घाबरून उठला की पानाची गरजच नाही. सुशीलने यातलं शेवटचं तेवढं उचललं.

मोबाइलवरचा पैशांचा खेळ बंद झाल्यापासून तो रविवारी बुटीबोरीला कुणाच्या तरी खोलीवर जातो. तिथले लोक त्याला आता ओळखून आहेत. याने बोली वाढवली तरी कुणी उठत नाही. "हा तं अर्ध्या डावावरच उडून राहिला गा," म्हणून हसतात. हे त्यानेच मला सांगितलं, स्वतःही हसला, आणि भरल्या ताटावरून उठला. परवा हिंगण्याच्या कंपनीची बस कोपऱ्यावर हॉर्न वाजवत होती आणि हा बूट घालून पायरीवर बसलेला. मी म्हटलं, अहो, बस चालली न! तर म्हणाला, "प्रज्वलले जमलं, मले काहून नाही जमणार? तो गोव्यात खेळून कमावून राहिला, अन् मी जन्मभर मशीनच पुसू का?" येत्या सोमवारी तो राजीनामा देणार आहे.

प्रज्वल, आपल्या मामाची करिष्मा पुण्याहून आली होती. तिने तुला तिथल्या एका मॉलच्या पार्किंगमध्ये गाड्यांच्या पावत्या देताना पाहिलं. तिला बघून तू टोपी खाली ओढलीस म्हणे. मी कुणाला बोलले नाही. कष्टाचं खातोस, त्यात लाज कसली रे? पण तुझ्या त्या गोव्यापायी सुशील हातची नोकरी सोडतोय. मी सांगितलं तर त्याला वाटेल, बायको अडवायला खोटं बोलते. तू सांगितलंस तर ऐकेल. सोमवारच्या आत त्याला फोन कर, आणि तू खरा कुठे आहेस ते तुझ्या तोंडाने सांग.

तुझीच,
प्रणालीताई